०.५ व्होल्ट जेलचे की धातूंचे?

मीठ घातलेल्या पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) जेलची पट्टी दाबून वीज मिळवायची आहे, तिच्या एका टोकाला तांब्याची, दुसऱ्या टोकाला ॲल्युमिनियमची फॉइल, मीटर ०.५ व्होल्ट दाखवतो, पण एलईडी लागत नाही, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी पट्टीला हात न लावता मीटर बघा. आकडा तेवढाच असेल तर दाबाचा त्याच्याशी संबंध नाही. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे साधा सेल झाला. वीज ॲल्युमिनियम झिजल्यामुळे येतेय. काही दिवसांनी फॉइल सोलून बघा, जेलकडच्या बाजूला पांढरी भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतील.

दोन्ही टोकांना एकाच कार्बन क्लॉथचे (वीज वाहून नेणाऱ्या कार्बन धाग्यांच्या कापडाचे) तुकडे लावा, तारा एकमेकींना जोडून रात्रभर ठेवा, मग मोजा. आकडा शून्याजवळ यायला हवा. आता एकच टोक दाबा. तिथलं पाणी बाजूला सरकतं, सोबत आयनही (मिठाचे विद्युतभारित कण, सोडियम आणि क्लोराइड). पाण्यात क्लोराइड सोडियमच्या साधारण दीडपट वेगाने पसरतो, त्यामुळे दोघांची थोडी फारकत होते. व्होल्टेज येतं ते त्यातूनच. ते काही मिलिव्होल्टच असतं आणि सावकाश चढतं-उतरतं. दोन्ही टोकं सारखी दाबलीत तर हाती काहीच लागत नाही.

जेल पुन्हा करणार असाल तर पीव्हीए ९८-९९ टक्के हायड्रोलाइज्ड (म्हणजे जवळजवळ सगळे ॲसिटेट गट काढलेलं) घ्या. ८८ टक्केवालं गोठवून नीट घट्ट होत नाही. १० ग्रॅम पावडर ९० ग्रॅम थंड डिस्टिल्ड पाण्यात भुरभुरत घाला (गरम पाण्यात टाकली की गाठी होतात), मग ९० अंशांवर दोनेक तास ढवळा. मीठ ३ ग्रॅम. उणे २० अंशांवर १२ तास गोठवून बाहेर वितळू द्या, असं तीनदा. सुकू नये म्हणून ग्लिसरीन हवं, पण ते नंतर: तयार पट्टी ग्लिसरीन आणि मिठाच्या पाण्यात भिजवा. आधीच जास्त घातलं तर मिश्रण नीट गोठत नाही आणि जेल लिबलिबीत राहतं.

एलईडीचं गणित मात्र जुळणार नाही. मल्टिमीटरचा रोध साधारण १० मेगाओहम, म्हणून त्यावर व्होल्टेज छान दिसतं. १ मेगाओहम, १०० किलोओहम, १० किलोओहम असे भार (रेझिस्टर) पट्टीच्या दोन टोकांमध्ये लावत जा. व्होल्टेज निम्मं होईल तो भार म्हणजे पट्टीचा आतला रोध, आणि साधारण तिथेच सर्वाधिक वॉट मिळतात. लाल एलईडीला दीड व्होल्टच्या वर लागतात. बीक्यू२५५७० सारख्या बूस्ट चिपलाही (कमी व्होल्टेज वाढवून देणारी चिप) पूर्ण बंद अवस्थेतून सुरू व्हायला सुमारे ०.६ व्होल्ट आणि १५ मायक्रोवॉट हवेत. दाबाच्या मिलिव्होल्टवर ती जागीच होणार नाही. ही पट्टी दाबाचा सेन्सर म्हणून वापरा: मोठ्या इनपुट रोधाचा ऑप-अँप (बारीक सिग्नल वाढवणारी चिप) पुढे जोडा आणि त्याला वेगळी बॅटरी द्या.