सीईओ आणि संचालक मंडळावर कर्मचारी नाराज आहेत. मंडळाला पत्र लिहून काही होतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही नाशिकच्या अंबडमधल्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, आहात. दोन वर्षं वार्षिक पगारवाढ नावापुरतीच झाली, सीईओंचा पगार मात्र घसघशीत वाढला. कामाची माणसं एकेक करून सोडून चालली आहेत. टाउनहॉलमध्ये प्रश्न विचारला की ‘नोट केलंय’ एवढंच ऐकायला मिळतं. सगळ्यांनी मिळून संचालक मंडळाला पत्र लिहावं का, आणि त्यावर नावं घालावीत का?

लिहा, पण पगारापासून सुरुवात करू नका. मी सातपूरच्या एका फॉर्म्युलेशन प्लांटमध्ये (तयार औषधं बनवणाऱ्या कारखान्यात) क्यूएच्या, म्हणजे गुणवत्तेची हमी देणाऱ्या विभागाच्या, डॉक्युमेंटेशनला १७ वर्षं होते. आम्ही दोन पत्रं लिहिली. पहिलं वाया गेलं, दुसऱ्याचा उपयोग झाला. आधी त्या दोन पत्रांबद्दल सांगते.

आमच्याकडे नवे सीईओ आले आणि वर्षभरात क्यूएची माणसं १४ वरून ९ झाली. कुणाला काढलं नाही, सोडून गेलेल्यांच्या जागा भरल्या नाहीत एवढंच. त्याच सुमारास ‘शून्य डेव्हिएशन’ ही योजना आली. ज्या विभागात महिनाभर एकही डेव्हिएशन निघणार नाही त्याला रोख बक्षीस आणि कॅन्टीनबाहेरच्या बोर्डावर फोटो. तुम्ही क्यूसीला आहात, तुम्हाला यातला धोका लगेच कळेल. इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते: ठरलेल्या पद्धतीत जराही फरक पडला की तो कागदावर आणायचा, कारण शोधायचं, मगच माल पुढे सोडायचा, याला डेव्हिएशन म्हणतात. ते कमी निघावं म्हणून बक्षीस ठेवलं की चुका होत राहतात, फक्त लिहिल्या जात नाहीत.

जुलैतली एक सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नाइट शिफ्ट सुटायची वेळ होती. ग्रॅन्युलेशनचे (पावडरचे दाणे बनवण्याच्या विभागाचे) एक ऑपरेटर, २१ वर्षं नोकरी झालेले, लॉगबुक घेऊन आमच्या खिडकीशी आले. पहाटे सव्वादोनच्या आर्द्रतेच्या रकान्यावर बोट ठेवलेलं, आणि रकाना कोरा. “मॅडम, मीटरवर ५८ होतं. लिमिट ५०. लिहिलं तर आमच्या पोरांचं बक्षीस जातं.” आयुष्यात एकही रकाना कोरा न सोडलेला माणूस रात्रभर पेन हातात धरून बसला होता. मी म्हटलं, दादा, लिहा, उशिरा लिहितोय हेही लिहा आणि आजची वेळ टाकून सही करा. त्यांनी लिहिलं. मी डेव्हिएशन उघडलं. बॅच तीन दिवस थांबली, तपासणीत पास झाली, पुढे गेली. त्या महिन्याचं बक्षीस गेलं आणि पुढचे चार दिवस कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलावर कुणी बसलं नाही. आपल्याच माणसांना एकमेकांवर उठवणारी ती योजना होती. याचा राग मला अजूनही येतो.

पहिलं पत्र आम्ही रागाच्या भरात लिहिलं. तीन पानं, निनावी, सगळ्या संचालकांना ई-मेल. मनमानी, हुकूमशाही, पिळवणूक असे शब्द पानोपानी. सीईओंच्या पगाराचा आकडा पहिल्याच ओळीत. ते पत्र फिरून एचआरकडे आलं आणि पुढचे पंधरा दिवस ते कुणी टाइप केलं हे शोधण्यात गेले. मजकुरावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

दुसरं पत्र दीड पानाचं. पाच जणांच्या सह्या, आणि पाठवलं फक्त ऑडिट कमिटीच्या, म्हणजे हिशेब आणि तपासण्यांवर देखरेख करणाऱ्या संचालकांच्या समितीच्या, अध्यक्षांना. त्यात एकही विशेषण नव्हतं. क्यूएची माणसं किती होती, किती राहिली, त्याच काळात बॅचेस किती वाढल्या. योजनेआधी महिन्याला तीसच्या आसपास डेव्हिएशन निघायची, नंतर पाच-सहा. बाजारातून येणाऱ्या तक्रारी मात्र होत्या तेवढ्याच. शेवटी एक ओळ: हे आकडे कंपनीच्याच रजिस्टरमध्ये आहेत, पडताळून पाहावेत.

मंडळाला कारखाना दिसतो तो सीईओंच्या सादरीकरणातून. कायद्याने वर्षाला किमान चार बैठका होतात आणि त्यात डेव्हिएशनचा उतरता आलेख पाहून कुणालाही बरंच वाटेल. तो का उतरला हे सांगणारं त्या खोलीत कुणी नसतं. ते तुम्ही सांगायचं आहे. संचालकांना हे हलकं घेता येत नाही, कारण कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६६ मध्ये त्यांची कर्तव्यं दिली आहेत आणि ज्यांच्या हिताने वागायचं त्यांत कर्मचाऱ्यांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. पत्रात हे कलम जरूर घाला.

मंडळाने ऐकलं नाही तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. रॅनबॅक्सी या औषध कंपनीत २००४ साली संशोधन विभागाचे प्रमुख डॉ. राजिंदर कुमार यांनी संचालकांच्या समितीपुढे खोट्या चाचणी-नोंदींची माहिती मांडली. ती गोळा करण्याचं काम त्यांच्या हाताखालचे अधिकारी दिनेश ठाकूर यांनी केलं होतं. दोघांनीही पुढे कंपनी सोडली. २००८ मध्ये अमेरिकेने पांवटा साहिब आणि देवास इथल्या कारखान्यांच्या औषधांची आयात रोखली. मे २०१३ मध्ये कंपनीच्या अमेरिकी शाखेने गुन्हा कबूल केला आणि एकूण ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. ते सादरीकरण झालं तेव्हाच मंडळ हललं असतं, तर प्रामाणिकपणे काम करणाऱ्या हजारो माणसांच्या नावाला बट्टा लागला नसता.

आता पगार. तो मुद्दा खोटा नाही, फक्त त्याची जागा पत्राच्या शेवटी आहे. तुमची कंपनी शेअर बाजारात असेल तर वार्षिक अहवाल उघडा. संचालक मंडळाच्या अहवालात किंवा त्याच्या परिशिष्टात प्रत्येक संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या (सगळे पगार क्रमाने लावले की बरोबर मधे येणाऱ्याच्या) पगाराच्या किती पट आहे हे द्यावंच लागतं. सीईओंची वाढ किती टक्के आणि मधल्या कर्मचाऱ्याची किती, हेही. बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांत असेल तर नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाणही मिळेल. कायम कामगारांची संख्या बघताना लक्षात ठेवा की पॅकिंग हॉलमधली ठेकेदाराची मुलं-मुली त्यात नसतात. त्यांच्याबद्दल एक वेगळी ओळ लिहा, त्यांच्या वतीने दुसरं कुणी लिहिणार नाही.

एक शेअर घेतलात तर वार्षिक सर्वसाधारण सभेत नाव नोंदवून प्रश्न विचारता येतो. बऱ्याच सभा आता ऑनलाइन असतात, मुंबईला जायची गरज पडत नाही. फक्त तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तासांपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते, म्हणजे ज्यांना ती लागू आहे त्यांना कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. ती तुम्हाला लागू आहे का हे आधी विचारून घ्या.

खरं तर कर्मचाऱ्यांचा माणूस मंडळातच हवा. वजन कमी करणारी औषधं बनवणाऱ्या डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कमध्ये कर्मचाऱ्यांनी निवडलेले सदस्य मंडळात बसतात, तिथला कायदाच तसा आहे. २०२५ मध्ये त्या कंपनीने सीईओ बदलले आणि सुमारे ९००० नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं, म्हणजे असे सदस्य असले की कपात टळते असं नाही. पण निर्णय होताना आपलं माणूस समोर असतं. आपल्या राज्यघटनेत १९७६ पासून कलम ४३क आहे, उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा म्हणून. त्यासाठीचं विधेयक १९९० मध्ये राज्यसभेत आलं आणि कायदा झालाच नाही. मला हे फार लागतं.

राहिला नावांचा प्रश्न. कलम १७७ प्रमाणे शेअर बाजारातल्या कंपनीला तक्रार यंत्रणा ठेवावी लागते, तक्रारदाराला त्रास होऊ नये याची तरतूद करावी लागते आणि गरज पडल्यास थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत जायची वाट द्यावी लागते. ते धोरण कंपनीच्या वेबसाइटवर असतं, पत्ताही त्यातच मिळेल. पण कागदावरचं संरक्षण पूर्ण नसतं, हे लपवणार नाही. आमच्या पत्रानंतर अंतर्गत ऑडिटची माणसं तीन दिवस येऊन बसली, योजना बंद झाली, क्यूएच्या दोन जागा भरल्या. सीईओ मुदत संपेपर्यंत राहिले. आणि सह्या करणाऱ्या पाचांपैकी एकाची सहा महिन्यांत परराज्यातल्या प्लांटला बदली झाली. मुलगा दहावीत होता, त्याने राजीनामा दिला. बदलीच्या पत्रावर कारण ‘कामाची गरज’ असं होतं.

म्हणून प्रोबेशनवर असणाऱ्यांची, घरात एकट्याचा पगार असणाऱ्यांची सही घेऊ नका, त्यांनी स्वतःहून म्हटलं तरी. चार-पाच जुनी माणसं पुरतात. बीएमआर (बॅचच्या उत्पादनाची नोंद) किंवा लॉगबुकचे फोटो बाहेर काढू नका, तुमच्यावरच कारवाई होईल. नोंदीचा क्रमांक आणि तारीख लिहिली की पुरे. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि प्रत घरी ठेवा. महिनाभर उत्तर आलं नाही तर पहिल्याची प्रत जोडून दुसरं पाठवा. आम्हाला उत्तर ४१ व्या दिवशी आलं होतं.

मसुदा झाला की कंपनीचं आणि माणसांची नावं काढून इथेच टाका. मी वाचून सांगेन.