काहीच खात नाही, तरी वजन वाढतंय

"मॅडम, हा काहीच खात नाही हो. आणि वजन बघा!" ही दोन वाक्यं मी एका दमात इतक्यांदा ऐकली आहेत की आता 'काहीच' कानावर पडलं की आधी विचारते, "बरं, मग खातो काय?"

ओमची आई (नाव बदललंय) हेच म्हणत आली. ओम स्वमग्न (ऑटिस्टिक), नऊ वर्षांचा, मोजकंच बोलणारा, वजन ४१ किलो. पांढरा भात, बिस्किटं, बटाट्याचे वेफर्स. वरण, भाजी, फळ समोर आलं की ताट सरकवायचा. "एकदा उपाशी ठेवून पाहिलं," ती हळूच म्हणाली. "दीड दिवस. मग मीच हरले."

यात हट्ट किती, असं सगळेच विचारतात. माझं मत जुनंच आहे, मुलाचा नकार ही माहिती असते. स्वमग्नता जगापुढे मांडणारे मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवर जो निबंध लिहिला, त्यातही खाण्याच्या तक्रारी आहेतच. पुड्यातलं बिस्किट रोज त्याच रंगाचं, त्याच आवाजाचं. भेंडी मात्र एक कोवळी, एक जून, आज परतलेली, उद्या ताकातली. ओमच्या लेखी रोज नवाच पदार्थ!

वजनाचं कोडं यानं सुटेना. मी आईला वही घालायला सांगितली. काय खाल्लं याच्याआधी लिहायचं, कुणी दिलं आणि कशाबद्दल दिलं.

पुढच्या आठवड्यात तिने वही उघडली आणि गप्प बसली. बूट घातले, बिस्किट. थेरपीत मणी ओवले, वेफर. रिक्षात शांत बसला, बिस्किट. आजीकडे बघून हसला, दोन बिस्किटं. एकट्या मंगळवारच्या २६ नोंदी.

"अहो, हा तर त्याचा पगार आहे," ती म्हणाली.

इतकं नेमकं निदान माझ्याच्यानेही झालं नसतं. (खाऊचं आमिष दाखवून शिकवण्यावर माझा राग आहे, लपवत नाही.) जेवायच्या वेळी पोरगा भरलेल्या पोटाने बसत होता.

मग पगार बदलला. झोका, साबणाचे फुगे. खाणं ठरल्या वेळी, एका जागी. भात-वेफर एकदम बंद केले नाहीत. असं केलं तर काही मुलं खरंच खाणं सोडतात. नवा पदार्थ वेफरच्या नात्यातला घेतला, आधी घरच्या कुरकुरीत काचऱ्या, मग नाचणीचा भाजलेला पापड. ताटलीत ठेवायचा आणि अवाक्षर काढायचं नाही. ११ दिवस त्याने पापडाकडे पाहिलं नाही. बाराव्या दिवशी तुकडा मोडला आणि कानाशी धरला. आई फोनवर रडत होती, "खाल्ला नाही, मॅडम, पण ऐकला!" मी त्या दिवशी पेढा खाल्ला.

हे सगळं करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवलं होतं. दात, बद्धकोष्ठता, हिमोग्लोबिन तपासून घ्याच. अशा मुलांची चिडचिड कमी करायला देतात त्या रिस्पेरिडोनसारख्या औषधाने भूक वाढते, ते चालू असेल तर डॉक्टरांशी बोला, पण स्वतःहून बंद करू नका. आणि वाढत्या मुलाला मनाने डाएटवर टाकू नका.

सात महिन्यांनी ओमचं वजन ४१च आहे, उंची तीन सेंटीमीटरने वाढली. परवा आईने विचारलं, "आता भेंडीचं काय करू?"

"तुम्ही खा की, त्याच्यासमोर."

"मला कुठे आवडते, मॅडम!"