लहान मुलांना अध्यात्माची गोडी कशी लावावी?

श्लोक पाठ करून घ्यायची घाई नको. पाच-सहा वर्षांचं लेकरू बघून शिकतं. आपल्या विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. तेव्हा पोराला सोबत घ्या, बैलाच्या खांद्याला हळद-तूप त्याच्याच हातानं लावू द्या. ज्याच्या कष्टावर घर चालतं त्याच्यापुढं हात जोडायचे, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. तान्ह्या पोळ्यात लाकडी बैलही तो मोठ्या मायेनं मिरवतो. गाडगेबाबा (१८७६-१९५६) आधी गाव झाडत, मग रात्री कीर्तन करत. ते सांगा अन् अंगण मिळून झाडा. ‘देव शिक्षा करील’ अशी भीती घालणं मात्र मला अजिबात पटत नाही. त्यानं लेकरू देवापासून लांबच जातं.