वर्गातील फ्लू आणि हजेरीचे बक्षीस

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पावसाळ्यात आमच्याकडे आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही, वर्गाच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात आणि एका मुलाला फ्लू झाला की चार-पाच दिवसांत अर्धा वर्ग खोकू लागतो. काही पालक मुलांच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधतात. शाळेने नेमके काय करावे?
— एक शिक्षिका

उत्तर : आधी ती पुरचुंडी सोडवावी. कापराच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण विषाणू अडत नाही. उलट लहान मुलाने कापूर गिळल्यास त्याला झटके येऊ शकतात.

फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १ ते ४ दिवस जातात, त्यामुळे आपले निरीक्षण अचूक आहे. लक्षणांच्या एक दिवस आधीपासूनच मूल इतरांना लागण देऊ लागते, म्हणून त्याला घरी ठेवल्याने साथ पूर्णपणे थांबणार नाही. परंतु आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत संसर्गाचा जोर सर्वाधिक असतो आणि नेमके तेच दिवस मूल वर्गाबाहेर राहिले, तर मोठा फरक पडतो. ताप उतरवणारे औषध न देता सलग २४ तास ताप आला नाही, तरच मुलाला शाळेत घ्यावे. सकाळी पॅरासिटामॉल पाजून पाठवलेले मूल प्रार्थनेला टवटवीत दिसते आणि दुपारच्या जेवणापर्यंत फणफणते, हे आपण पाहिले असेलच.

येथे शाळांना न रुचणारी एक गोष्ट सांगणे भाग आहे. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस तापलेल्या मुलाला वर्गात खेचून आणते. ते बंद करावे, निदान आजारपणाची रजा त्यातून वगळावी. अर्थात, भातलावणीच्या दिवसांत आई-वडील दोघेही शेतात असतात, तेव्हा घरी कोण थांबणार, हा प्रश्न बक्षिसापेक्षा अवघड आहे. पालकांच्या बैठकीत शेजारीपाजारी आणि आजी-आजोबांची सोय आधीच ठरवून ठेवावी. कोणी न्यायला येईपर्यंत मुलाला मास्क लावून व्हरांड्यात, इतरांपासून दूर बसवावे.

खिडक्यांचे म्हणाल, तर पावसाची झड येते तेवढीच बाजू बंद ठेवावी. समोरची खिडकी आणि दार उघडे असले तरी हवा खेळती राहते. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतील दुपारच्या जेवणाच्या, पंगतीआधी साबणाने किमान २० सेकंद हात धुणे आणि कोपराच्या खळगीत खोकणे या सवयी आपण शिकवतच असाल.

विषाणू सतत बदलत असल्याने लस दरवर्षी घ्यावी लागते. तिचे संरक्षण मिळण्यास साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून ती पावसाळ्यापूर्वीच घेणे इष्ट. ९ वर्षांखालील मुलाला प्रथमच लस देताना ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. आपणही ती घ्यावी.

मुलाला धाप लागली, ओठ निळसर झाले, ते पाणी पिईनासे झाले किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. तापासाठी ॲस्पिरिन मात्र मुलांना कधीही देऊ नये.