भरताना बिघडणारी बॅटरी

प्रश्न: वडिलांच्या श्रवणयंत्रातल्या झिंक-एअर सेलची चिकटपट्टी काढली की तो चालू होतो, संपला की फेकायचा. असा सेल पुन्हा चार्ज का होत नाही? धातूंच्या ऑक्साइडचे उत्प्रेरक वापरून ते जमेल, असं वाचलं. खरं का?

उत्तर: पट्टीखालच्या भोकांतून ऑक्सिजन आत येतो, इलेक्ट्रॉन घेऊन त्याचा हायड्रॉक्साइड होतो आणि जस्ताचं झिंक ऑक्साइड. चार्ज करताना हेच सगळं उलटं घडवायचं असतं. अडतं ते ऑक्सिजनपाशी; हा गडी येताना आळशी, जातानाही आळशी. गणिताने व्होल्टेज 1.65 येतं, पण मिळतं 1.2च्या आसपास आणि भरायला लागतं जवळजवळ 2. प्लॅटिनम ऑक्सिजन घेण्यात पटाईत, इरिडियम ऑक्साइड सोडण्यात. आम्हा संशोधकांना दोन्ही कामं करणारा उत्प्रेरक हवा, तोही स्वस्त.

म्हणून मँगनीज, कोबाल्ट, निकेलचे ऑक्साइड. धातूने ऑक्सिजनला धरावं, पण धरून बसू नये. 2011च्या सुमारास पेरॉव्स्काइटांसाठी (ठरावीक स्फटिकरचनेच्या ऑक्साइडांसाठी) एक अंदाज पुढे आला: धातूच्या ज्या कक्षकांचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जागांचा, रोख ऑक्सिजनकडे असतो, त्यांत साधारण एक इलेक्ट्रॉन असावा. लँथॅनम निकेल ऑक्साइड त्यात चपखल बसतो. पण तो भट्टीत भाजावा लागतो, तापाने कण एकमेकांना चिकटतात आणि पृष्ठभाग घटतो. बरेच ऑक्साइड वीजही नीट वाहून नेत नाहीत, मग त्यांत कार्बनची पूड मिसळायची.

तिथेच मी फसले. कोबाल्टच्या स्पिनेलवर (हीही ऑक्साइडची एक स्फटिकरचना) काम करताना काही दिवसांच्या चार्ज-डिस्चार्जनंतर सेलमधलं पोटॅशचं, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं, द्रावण चहासारखं तपकिरी झालं. तीन आठवडे मी कोबाल्टलाच दोष देत होते. शेवटी एका विद्यार्थिनीने उत्प्रेरक न घालता नुसत्या कार्बनचा इलेक्ट्रोड लावला. तरी तोच रंग! चार्जिंगच्या व्होल्टेजला कार्बनच जळत होता. (ही कोरी चाचणी पहिल्याच दिवशी करायची असते, हे मीच वर्गात शिकवते.) पुढे आम्ही ऑक्साइड थेट निकेलच्या सच्छिद्र जाळीवर वाढवला. सुरुवातीचे कामगिरीचे आकडे थोडे पडले, पण द्रावण स्वच्छ राहिलं.

तेव्हा जमेल का, तर प्रयोगशाळेत जमतं. जस्ताचे काटे वाढून आत शॉर्ट होणं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पोटॅशचं कार्बोनेट होणं, ही दुखणी मात्र उत्प्रेरकाने बरी होत नाहीत.

वडिलांचा सेल चार्जरला लावून पाहू नका. तो त्यासाठी बनवलेलाच नाही. आत वायू साठून तो गळेल किंवा फुटेल.