चर्चेनुसार

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग. ‘खालचे साहेब म्हणतात, वरचे म्हणतात जरा बघून घ्या, मग उपसचिव म्हणजे नेमका कोण?’ वाक्य झकास आहे. पण खरं दुखणं तू शेवटच्या पानावर, कंसात लिहिलंस. केबिनमध्ये बोलावून तुला शिफारस बदलायला सांगितलं आणि तू चार दिवस फाईल धरून बसली आहेस.

आधी त्या ‘उप’चं. तो शब्द देशागणिक सोंग बदलतो. कॅनडात डेप्युटी मिनिस्टर हा राजकारणी नसतोच, तो खात्याचा सर्वोच्च सनदी अधिकारी. जपानमध्ये जिमु-जिकान, म्हणजे खात्याचा सर्वात वरचा सनदी अधिकारी, नावाला उपमंत्री. पण २००९ पर्यंत ही मंडळी मंत्रिमंडळाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी एकत्र बसायची आणि तिथे अडलेला विषय सहसा पुढे सरकत नसे. अमेरिकेत डेप्युटी सेक्रेटरी म्हणजे खात्यातला दोन नंबरचा, सिनेटची मंजुरी घेऊन आलेला. आपल्या केंद्रीय सचिवालयात मात्र उपसचिवाच्या डोक्यावर संचालक, सहसचिव, अपर सचिव, सचिव अशी सगळी उतरंड. देवीलालांनी १९८९ मध्ये शपथ घेताना स्वतःला उपपंतप्रधान म्हटलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे नुसतं वर्णन आहे, घटनेच्या लेखी ते इतरांसारखे मंत्रीच. तेव्हा पाटीवरच्या शब्दाचं पुरे.

तोंडी आलेलं कागदावर आण. एवढंच मला सांगायचंय, आणि ते मी सांगतच राहणार.

‘चर्चेनुसार’ हा शब्द तू किती वेळा लिहिला आहेस? मी शेकडो वेळा. उपसचिव झाल्यावर तिसऱ्या वर्षी एका निविदेतली अट काढायचा निरोप मला फोनवर आला. माझ्या कक्ष अधिकाऱ्याने त्या अटीच्या बाजूने टिपणी लिहिली होती, दीड पान, स्वच्छ अक्षरात. मी त्याला बोलावलं आणि ते पान बदलून आणायला सांगितलं. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि तासाभरात नवं पान आणलं. मी खाली लिहिलं, ‘चर्चेनुसार फेरसादर’, लघुस्वाक्षरी, तारीख. कुणाशी चर्चा, कधी, काय ठरलं, काहीही नाही. दोन वर्षांनी लेखापरीक्षणाचा आक्षेप आला. फोन करणारे म्हणाले, कसली चर्चा? मला समज मिळाली. त्याची वेतनवाढ रोखली गेली, कारण प्रस्ताव त्याच्या सहीने निघाला होता आणि त्याची हरकत ज्या पानावर होती ते पान मीच काढायला लावलं होतं. तो मला कधी एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता ई-ऑफिसमध्ये पान बदलता येत नाही असं म्हणू नकोस. पिवळी, म्हणजे कच्ची टीप हिरवी, म्हणजे कायम व्हायच्या आधी काय काय गळतं ते तुलाही ठाऊक आहे.

आणि हा काही माझा एकट्याचा हेका नाही. अखिल भारतीय सेवांचे १९६८ चे वर्तणूक नियम काढ, तिसरा नियम वाच: वरिष्ठाचा आदेश सहसा लेखी हवा, तोंडी द्यावाच लागला तर त्याने लगेच लेखी दुजोरा द्यायचा आणि तो मागून घेणं हे हाताखालच्याचं काम. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोंडी आदेश नोंदवून ठेवायला बजावलं. ब्रिटनमध्ये खर्च पटला नाही तर खात्याचा पर्मनंट सेक्रेटरी मंत्र्याकडून चक्क लेखी निर्देश मागतो, आणि त्यात कुणाला उर्मटपणा दिसत नाही.

तू म्हणशील, लिहिल्याने काय थांबतं? २० ऑक्टोबर १९७३ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना वॉटरगेट प्रकरण तपासणारा विशेष अभियोक्ता काढायचा होता. ॲटर्नी जनरलनी राजीनामा दिला, त्यांचे डेप्युटी रकलशॉस यांनी फोनवर आलेला तोच आदेश नाकारला, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या बोर्क यांनी सही केली. काम झालंच. सॅली येट्स डेप्युटी म्हणून हंगामी ॲटर्नी जनरल झाल्या, जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या प्रवासबंदीचा कोर्टात बचाव करणार नाही असं लेखी कळवलं आणि त्याच दिवशी पदावरून काढल्या गेल्या. थांबत नाही गं! पण सही कुणाची हे कळतं. तुला तर नकारही द्यायचा नाहीये, फक्त विचारायचंय.

मला पुढे ‘लेखीवाले’ म्हणायचे. सहसचिव न होताच निवृत्त झालो. घरचे म्हणतात त्यामुळेच. त्या वर्षी जागाच कमी होत्या, ज्येष्ठता यादीतही घोळ होता, आणि समजा त्यामुळेच असेल तरी... असो, हे तुला कशाला सांगतोय.

तर सोमवारी लिही: ‘अमुक तारखेच्या चर्चेत अमुक बदल सुचवण्यात आला. मूळ शिफारशीची कारणे परिच्छेद अमुकमध्ये आहेत. कृपया लेखी निर्देश व्हावेत.’ तीन वाक्यं. चौथं लिहायला घेशील, तो खुलासा असेल, खोडून टाक. आणि कक्ष अधिकाऱ्याच्या टिपणीला हात लावू नकोस. मसुदा मला पाठवू नकोस, फाईलचा फोटो तर मुळीच नको. गेली की नुसतं ‘गेली’ एवढं कळव.