रेषेबाहेरचा झिको

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचं समजलं. ऑपरेशन होईल, वर्ष जाईल, ते जाऊ दे. पण ‘खेळता नाही आलं तर कोच होईन, त्यात काय एवढं’ असं लिहिलंस, ते खटकलं.

ब्राझीलचा फुटबॉलपटू झिको, त्याचं बघ. 1985 साली एका रांगड्या टॅकलने त्याचा गुडघा कामातून गेला. तसाच तो 1986चा विश्वचषक खेळला. फ्रान्सविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि थोड्याच वेळात पेनल्टी हुकवली. लोक तेवढंच सांगतात. सामना शूटआउटमध्ये गेल्यावर तोच पुन्हा चेंडू घेऊन उभा राहिला आणि त्याने गोल मारला, हे कुणी सांगत नाही. (ब्राझील हरलंच, पण ते वेगळं.)

पुढे 38व्या वर्षी तो जपानच्या दुसऱ्या श्रेणीतल्या, एका पोलाद कंपनीच्या संघात गेला. त्याच संघाचा काशिमा अँटलर्स झाला, आणि 1993 साली जे-लीग ही जपानची व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा संघाच्या पहिल्याच सामन्यात झिकोने हॅटट्रिक केली. तोवर चूक झाली तर भरून काढायला स्वतःचे पाय होते.

कोच झाल्यावर ते गेले. त्याच्या जपानने 2004चा आशिया चषक जिंकला; पण 2006च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध 84व्या मिनिटापर्यंत 1-0 पुढे असलेला संघ 1-3 हरला. आणि 20 डिसेंबर 2015ला गोव्यातल्या फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये मी स्वतः होतो. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, झिको कोच असलेला एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. 87व्या मिनिटाला गोवा 2-1 पुढे गेला, माझ्या शेजारचा म्हातारा खुर्चीवर चढून नाचायला लागला. मग एक स्वयंगोल, लगेच दुसरा गोल, 2-3. एवढा मोठा खेळाडू रेषेबाहेर उभा, आणि आत पाऊल टाकायची मुभा नाही.

तुझा स्वभाव मला माहीत आहे. कुणाचा पास चुकला की तू स्वतःच धावतोस.

कोचिंगच्या डी लायसन्सचा फॉर्म मिळाला तरी इतक्यात भरू नकोस. शनिवारी कुबड्या घेऊन मैदानावर ये. तेरा वर्षांखालच्या मुलांचा सामना आहे. नव्वद सोड, पन्नास मिनिटंच, रेषेबाहेर खुर्ची टाकून बसायचं. ओरडायचं नाही. मध्यंतराला पोरांना एकच गोष्ट सांगायची मुभा देईन. कोणती, ते बसल्या बसल्या ठरव.

तुझा,
सर